बँडविड्थची हमी नेमकी कशाची?

दादरहून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाचे संकेतस्थळ माझा एक मित्र सांभाळतो. त्यासाठी त्यांनी महापे येथील एका डेटा सेंटरमध्ये डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या कोणाचाही वाटा नसलेला अख्खा संगणक, भाड्याने घेतलेला आहे. करारात दोन आकडे होते: पोर्ट, म्हणजे सर्व्हर जाळ्याला जोडणारे तोंड, १ गिगाबिट (१,००० मेगाबिट) आणि हमीची बँडविड्थ २५ मेगाबिट प्रतिसेकंद. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात आली, अंक निघाला आणि महिनाअखेरीस बिल २५ ऐवजी ८१ मेगाबिटचे आले, म्हणजे नेहमीच्या तिपटीहून अधिक. अंक वाचायला लोकांची झुंबड उडाली म्हणून हा भुर्दंड पडला, असे मित्राला वाटत होते. बिल घेऊन आम्ही एक रविवार बसलो तेव्हा लक्षात आले की, वाचकांचा त्यात काहीच दोष नव्हता.

बँडविड्थ हा वेग आहे, साठा नाही. सेकंदाला किती बिट तारेतून जाऊ शकतात, एवढेच तो आकडा सांगतो. फाइल आपण बाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात, त्यामुळे १ मेगाबिटचा वेग ३० दिवस अखंड वापरला तर ३२४ गिगाबाइट मजकूर वाहून जातो. हा ३२४ चा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ‘१ गिगाबिट पोर्ट, महिन्याला १० टेराबाइट’ अशी योजना ऐकायला भरघोस वाटते, पण महिनाभराची सरासरी काढली तर ती साधारण ३१ मेगाबिटच भरते. पोर्ट पूर्ण वेगाने चालवला तर ते १० टेराबाइट सव्वाबावीस तासांत संपतात. पोर्ट किती रुंद आहे आणि त्यातून किती वाहू देण्याचे वचन दिले आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत बहुधा पहिलीच ठळक छापलेली असते.

मग पैसे वाहून नेलेल्या मजकुराचे न घेता वेगाचे का घेतात? मुंबईकराला याचे उत्तर रेल्वेच्या फलाटावर मिळते. सकाळी नऊच्या सुमारास विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गर्दीला पुरतील इतके डबे, रूळ आणि सिग्नल लागतात. दुपारी तीन वाजता तेच डबे निम्मे रिकामे धावले तरी त्यांचा खर्च कमी होत नाही. फायबर, राउटर आणि पुढच्या मोठ्या जाळ्याकडून विकत घेतलेली जोडणी यांचेही तसेच आहे. ही सारी सामग्री सर्वाधिक गर्दीच्या घटकेला पुरेल अशा बेताने बांधावी लागते, आणि पहाटे चार वाजता त्या तारेतून गेलेल्या बिटाने कंपनीच्या खर्चात जवळजवळ काहीच भर पडत नाही. रात्री नऊ वाजता गेलेला बिट मात्र महाग असतो, कारण तो दुसऱ्याची जागा अडवतो. हे सूत्र दिशेलाही लागू पडते. सकाळी चर्चगेटकडे तुडुंब जाणाऱ्या गाड्या परतताना मोकळ्या असतात. तसाच सर्व्हर ठेवणाऱ्यांचा बहुतेक मजकूर बाहेर जातो आणि घराघरांत इंटरनेट पुरवणाऱ्यांचा बहुतेक मजकूर आत येतो. जोडणी मात्र दोन्ही दिशांना सारख्याच क्षमतेची असते. म्हणून येणे आणि जाणे वेगवेगळे मोजून त्यांतला मोठा आकडा बिलात धरण्याची पद्धत पडली आहे.

एकच तार अनेकांना कशी विकता येते, हा प्रश्न इंटरनेटहून जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नर क्रारुप अर्लांग यांनी १९०९ साली संभाव्यतेचे गणित टेलिफोनवरील संभाषणांना लावून दाखवले. सगळे ग्राहक एकाच वेळी फोन उचलत नाहीत, तेव्हा किती तारा ठेवल्या म्हणजे क्वचितच कोणाला थांबावे लागेल, असा तो प्रश्न होता. आजच्या होस्टिंगलाही, म्हणजे सर्व्हर भाड्याने देण्याच्या धंद्यालाही, हाच हिशेब लागतो. समजा, १० ग्राहकांना प्रत्येकी १ गिगाबिटचे पोर्ट दिले आणि त्या सर्वांची बाहेरची वाट मिळून १ गिगाबिटची ठेवली. प्रत्येक जण १०० पैकी ५ क्षण पूर्ण वेगाने वापर करतो आणि एरवी स्वस्थ असतो, असे धरू. एकाहून अधिक ग्राहक एकाच क्षणी जागे होऊन वाट कोंडण्याची शक्यता ८.६ टक्के येते. आता ग्राहक १०० करा आणि वाट १० गिगाबिटची करा. वाटेकऱ्यांचे प्रमाण तेच, दहास एक. पण कोंडी होण्याची शक्यता १.२ टक्क्यांच्याही खाली उतरते. समूह जितका मोठा, तितके त्यातले चढउतार एकमेकांना सावरून घेतात. एकाच बाहेरच्या वाटेवर किती जण आहेत असे विचारणारे ग्राहक बरेच भेटतात. ती वाट मुळात केवढी आहे हेही विचारायला हवे, कारण सारखेच प्रमाण सांगणाऱ्या दोन कंपन्यांचा अनुभव यामुळेच अगदी निराळा असू शकतो.

या गणिताच्या बुडाशी एक गृहीतक आहे: प्रत्येक ग्राहक आपापल्या मर्जीने, इतरांशी संबंध नसताना जागा होतो. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी किंवा भारताच्या सामन्याच्या शेवटच्या षटकांत ते गृहीतक कोसळते. वृत्तपत्रांची संकेतस्थळे, व्हिडिओ दाखवणारे, वस्तू विकणारे असे सगळे एकाच घटकेला जागे होतात. अशा वेळी हमी नसलेल्यांमध्ये जे वाटप होते ते बहुतांशी त्यांचे संगणकच आपसांत करतात. पॅकेट, म्हणजे तारेतून जाणाऱ्या मजकुराचा छोटा तुकडा, हरवले की पाठवणाऱ्याने वेग निम्म्यावर आणायचा आणि मग हळूहळू वाढवत न्यायचा, ही शिस्त व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आली. त्याआधी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांच्यातली जोडणी अशाच कोंडीत सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरली होती. या शिस्तीमुळे जाळे कोसळत नाही, हे खरे. पण कोणाच्या वाट्याला किमान किती येईल, याचे वचन ती देत नाही.

ते वचन म्हणजे हमीची बँडविड्थ. तिच्यात संभाव्यतेला जागा नाही, निव्वळ बेरीज आहे. १० गिगाबिटच्या वाटेवर प्रत्येकी १०० मेगाबिटची हमी १०० जणांना देता येते. १०१ वा ग्राहक घेतला की कोणाची तरी हमी खोटी ठरते. शिवाय वाट एकच असेल तर ती तुटताच सगळ्या हम्या एकदम संपतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबली तुटल्या तेव्हा भारतातले इंटरनेट कित्येक दिवस रखडले होते. म्हणून जबाबदार कंपनी दोन वेगळ्या वाटा ठेवते, आणि एक गेली तर दुसरीने सगळा भार पेलावा यासाठी दोन्ही वाटा निम्म्याहून अधिक भरू देत नाही. हमीच्या १ मेगाबिटमागे प्रत्यक्षात २ मेगाबिटची सोय उभी असते. हमीचा दर वाटणीच्या दरापेक्षा इतका चढा का, याचे बरेचसे उत्तर या रिकाम्या ठेवलेल्या अर्ध्या भागात आहे.

पण हमी २५ मेगाबिटची असूनही मित्राचा सर्व्हर दिवाळीच्या संध्याकाळी ३०० मेगाबिटपर्यंत कसा पोहोचला? आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. महापालिकेचे पाणी बारीक धारेने टाकीत चढत असते. सकाळी सगळ्या घरांचे नळ एकदम सुटले तरी टाकीत साठा आहे तोवर धार जोरात येते, आणि टाकी रिती झाली की जेवढे वर चढेल तेवढेच खाली मिळते. राउटरमध्ये अशीच एक टाकी हिशेबापुरती ठेवलेली असते. तिच्यात ठरलेल्या वेगाने टोकन जमा होतात आणि पॅकेट जाताना आपल्या आकाराएवढे टोकन घेऊन जाते. टोकन संपल्यावर जादा पॅकेट टाकून द्यायचे, रांगेत उभे करायचे, की जागा मोकळी असेल तर जाऊ देऊन त्याचे पैसे लावायचे, हे करारावर अवलंबून असते. मित्राच्या करारात तिसरा पर्याय होता.

त्या पैशांचा हिशेब असा. दर ५ मिनिटांनी पोर्टवरचे मोजमाप नोंदवले जाते. ३० दिवसांत अशा ८,६४० नोंदी होतात. त्या मोठ्यापासून लहानापर्यंत लावून वरच्या ५ टक्के, म्हणजे ४३२ नोंदी वगळायच्या आणि त्यानंतरची जी पहिली नोंद उरेल ती बिलाचा आकडा. याला ९५ वा पर्सेंटाइल म्हणतात. ४३२ नोंदी म्हणजे महिन्याचे ३६ तास. तेवढा वेळ कितीही जोरात धावले तरी बिलात त्याची गणती नाही. आता मित्राच्या आलेखाकडे पाहू. दिवाळीच्या दोन संध्याकाळी सात ते बारा एवढाच उंच डोंगर होता: एकूण १० तास, १२० नोंदी. त्या सगळ्या वगळण्यातच गेल्या असत्या. पण रोज मध्यरात्रीनंतर, दोन ते चारच्या दरम्यान, आलेखावर एक चौकोनी खांब उभा होता. तो बॅकअप होता. नव्या अंकाची चित्रे भरल्यापासून रोज ७२ गिगाबाइट मजकूर दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर जात होता आणि त्याला कोणीतरी ८० मेगाबिटची मर्यादा घातली होती. रोजचे २ तास म्हणजे महिन्याचे ६० तास, ७२० नोंदी. वरच्या ४३२ काढून टाकल्या तरी खांबाचे डोके वर राहिलेच होते, आणि संकेतस्थळाचा रात्रीचा १ मेगाबिट धरून बिलात तोच ८१ चा आकडा उतरला.

मित्राने लगेच सुचवले की वेग दुप्पट करू, म्हणजे बॅकअप तासाभरात आटोपेल. ही सूचना वाटते तितकी विचित्र नाही. १६० मेगाबिटने तो रोज १ तास चालला असता, महिन्याच्या ३६० नोंदी झाल्या असत्या आणि एरवीच्या महिन्यात त्या साऱ्या फुकट सुटल्या असत्या. पण त्यांत दिवाळीच्या १२० मिळवल्या की बेरीज ४८० होते आणि ४३२ ची रेषा ओलांडली जाते. शिवाय, माझ्या मते, ही पळवाट शेजाऱ्यांवर अन्याय करणारी आहे, कारण वगळलेल्या त्या तासांचा भार अखेर सामाईक वाटेवरच पडतो.

कंपनीला विचारण्यासारखा एक प्रश्न तेव्हा उरला होता, तो म्हणजे ही हमी कुठपर्यंतची. तिचा पल्ला कंपनीच्या स्वतःच्या जाळ्याच्या सीमेपर्यंतच असतो. पुण्या-नाशिकच्या वाचकाकडे जाणारा मजकूर मुंबईतल्या एखाद्या इंटरनेट एक्स्चेंजवर त्याच्या इंटरनेट कंपनीच्या हाती सोपवता येतो; देशातला मजकूर देशातच फिरावा यासाठी निक्सी ही संस्था २००३ पासून हेच काम करते, आणि ही वाट स्वस्त पडते. लंडनच्या वाचकाकडे जाणारा मजकूर वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्यावर येणाऱ्या सागरी केबलींतून इतरांच्या जाळ्यांवर जातो, आणि तिथल्या गर्दीची हमी महाप्यातली कोणतीही कंपनी देऊ शकत नाही. देशांतर्गत आणि परदेशी बँडविड्थचे आकडे करारात वेगवेगळे लिहून मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, असे मला वाटते. मित्राला ते मागितल्यावर मिळाले.

बॅकअपची मर्यादा आम्ही शेवटी २० मेगाबिटवर आणली. तेवढेच ७२ गिगाबाइट आता रात्री अकराला निघतात आणि सकाळी सातला पोहोचतात. आलेखावर जिथे खांब होता तिथे एक लांब, बुटकी पायरी दिसते, आणि डिसेंबरचे बिल २५ मेगाबिटचेच आले.