दस्तार म्हणजे सरदारजींचा फेटा नव्हे

इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनला एका गणेशोत्सवात पाहुण्यांचा सत्कार चालला होता. शाल, श्रीफळ आणि भारतातून मागवलेले तयार, शिवलेले भगवे फेटे. पाहुण्यांत आमच्या वस्तीतले एक सरदारजी होते. निवृत्त ट्रकचालक, वर्गणीपासून खुर्च्या लावण्यापर्यंत दरवर्षी सगळ्यात पुढे. त्यांची पाळी आली तसा आमचा एक कार्यकर्ता फेटा घेऊन गेला आणि अगदी अदबीनं म्हणाला, पगडी दोनच मिनिटं उतरवा, फोटोपुरता आपला फेटा घालू. सरदारजींनी फेटा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मांडीवर ठेवून बसून राहिले. कार्यकर्ता नंतर माझ्याकडे येऊन म्हणाला, "आपण मान देत होतो, काका. त्यांनी घेतलाच नाही."

त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, म्हणून तर हे लिहायला बसलो. मी नांदेडचा. हजूर साहिबच्या वाटेवरच्या शाळेत शिकलो, माझ्याइतकंच अस्सल मराठी बोलणारी शीख मुलं माझ्या बाकावर बसायची. तरी तिकडे आणि इथे अठरा वर्षं मी शिखांच्या पगडीबद्दल, म्हणजे दस्तारीबद्दल, तेच वाक्य ऐकतो आहे: "दस्तार म्हणजे त्यांचा फेटाच की."

नाही. आणि परदेशात त्या फरकापायी माणसांनी नोकऱ्या पणाला लावल्या आहेत, कोर्टकचेऱ्या केल्या आहेत.

फेट्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! लग्न, मिरवणूक, सत्कार. बांधणारा वेगळा, मिरवणारा वेगळा. तुरा वर, शेमला पाठीवर, कार्यक्रम संपला की उतरवून पिशवीत. पुणेरी पगडी तर आधीच बांधून तयार असते, टोपीसारखी डोक्यावर चढते. फेटा प्रसंगाचा मान आहे, प्रसंगाबरोबर उतरतो.

वरवरचे फरक लगेच उरकतो. फेट्याला आठ-नऊ मीटर कापड लागतं, दस्तारीला साधारण पाच ते सात. कापड बहुधा रुबिया नाहीतर फुल वॉयल, जरीकाम नाही, तुरा नाही. "रंगाचा अर्थ काय?" हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. निळ्या आणि केशरी रंगाला पंथात परंपरेचं वजन आहे, निहंग, म्हणजे शिखांमधले परंपरागत योद्धे, निळी बांधतात. बाकी बँकेत जाणारा माणूस सदऱ्याला शोभेल ती बांधतो. रंगात गूढ शोधत बसू नका.

खरी मेख वेगळीच आहे. फेट्याखाली काय आहे याच्याशी फेट्याला देणंघेणं नसतं. केस असोत, टक्कल असो, फेटा तोच. दस्तारीचं सगळं प्रयोजनच तिच्या खाली आहे. तिच्याखाली केस आहेत, जन्मापासून न कापलेले.

१६९९ च्या बैसाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोविंदसिंगजींनी खालसा उभा केला. तिथून आलेले पाच ककार, म्हणजे अंगावर बाळगायच्या "क"च्या पाच खुणा: केस, कंघा, कडा, कछेरा (आतली चड्डी) आणि कृपाण. यात दस्तार नाही. शिकलीसवरली माणसं "पगडी पाच ककारांपैकी एक" असं छापतात तेव्हा मला खरोखर त्रास होतो, कारण तिथेच सगळा धागा तुटतो. ककार आहे तो केस. केस राखायचे, कंघ्यानं विंचरायचे, डोक्यावर जुडा बांधायचा आणि तो दस्तारीनं झाकून सांभाळायचा. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं १९४५ मध्ये मंजूर केलेली शीख रहित मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, सांगते की शिखाला पोशाखाचं बंधन नाही, फक्त कछेरा आणि दस्तार हवी. बाईनं दस्तार बांधावी की न बांधावी हे तिच्यावर सोडलं आहे. दस्तार ककारांच्या यादीत नाही आणि तरी सुटत नाही, ती केसांमुळे.

आमच्या शेजारचा मुलगा कॉलेजात शिकतो. त्याचे वडील पहाटेच्या पाळीला गेलेले असले की सकाळी सव्वासहाला आमचं दार वाजतं, "अंकल, पूणी करवा दो." मग त्यांच्या अरुंद बोळात कापडाचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या. कापड किंचित ओलसर केलेलं असतं. दोघांनी ताणायचं, काठ धरून दुमडायचं, पुन्हा ताणायचं, पुन्हा दुमडायचं. हातभर रुंदीचं कापड चार बोटांच्या पट्टीवर येतं. ती झाली पूणी. त्याचा जुडा तोवर बांधून झालेला असतो, त्यावर छोटी पट्टी, मग एक टोक दातांत धरून तो आरशासमोर वळसे घ्यायला लागतो. ओठ बंद, तरी मूलमंत्र चाललेला कळतो. एकेका लडीची कड खालच्या लडीवर बोटाच्या पेराइतकीच सरकली पाहिजे. तिसरी लड चुकली तर तो ती ओढूनताणून बसवत नाही, सगळं सोडतो आणि पहिल्यापासून बांधतो, मग बस चुकली तरी चालेल. शेवटी सलाईनं, म्हणजे बारीक काडीनं, कानावरचे केस आत सारायचे, कपाळावरचा कोन एका रेषेत आणायचा. दहा-बारा मिनिटं लागतात. हे रोज, परीक्षेच्या दिवशीही, बाहेर उणे वीस असतानाही.

ही दस्तार रात्री सोडली जाते, सकाळी नव्यानं बांधली जाते. "ते कधी काढतच नाहीत" हीसुद्धा भाकडकथाच. घरात माणूस छोट्या पटक्यावर असतो, केस धुतो, वाळवतो. प्रश्न कुठे आणि कोणाच्या सांगण्यावरून, हा आहे. चारचौघांत कोणी तुम्हाला धोतर सोडायला सांगितलं तर "दोनच मिनिटं" म्हटल्यानं ते सोपं होतं का?

आणि मराठी माणसाला हे परकं वाटायला नको. आपल्या भाषेत "बोडका" हा शब्द आहे. तो शिवीसारखा उच्चारला जायचा. माझे आजोबा मुंडाशाशिवाय उंबरा ओलांडत नसत. दारात पाहुणा आला की आधी हात डोक्याकडे जायचा, मुंडासं ठीक करायला. दस्तार समजून घ्यायची तर सत्कारातला फेटा विसरा आणि आजोबांचं मुंडासं आठवा. त्यातही केसांची गोष्ट नव्हती हे खरं, पण निदान दिशा बरोबर राहते.

पाश्चात्त्य देशांत घोळ झाला तो याच जागी. तिथे आदर दाखवायला टोपी काढतात. चर्चमध्ये, राष्ट्रगीताला, शहिदांच्या स्मरणाला डोकं उघडं. शिखाचा आदर डोकं झाकून असतो. १९९३ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या सरे गावात, ११ नोव्हेंबरच्या स्मृतिदिनी, दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या शीख सैनिकांना माजी सैनिकांच्या एका सभागृहात दारातूनच परत पाठवलं. कारण एकच, आत डोक्यावर काही चालत नाही. नियम करणाऱ्यांनी दस्तारीला टोपी समजून टोपीचा नियम लावला. ज्यांनी दस्तारी बांधून युद्ध केलं त्यांना मेलेल्या सोबत्यांना वंदन करायला आत घेतलं नाही. हे वाचून आजही माझ्या पोटात कालवतं.

कॅनडाच्या केंद्रीय घोडदळ पोलिसांचंही तसंच. बलतेजसिंग ढिल्लन यांना दस्तारीसह भरती व्हायचं होतं, गणवेशातली रुंद काठाची हॅट म्हणजे देशाची परंपरा म्हणून लाखाहून जास्त लोकांनी विरोधात सह्या केल्या. १९९० मध्ये सरकारनं नियम बदलला. सह्या करणाऱ्यांना वाटलं, हा माणूस एका टोपीऐवजी दुसरी टोपी मागतो आहे.

इंग्लंडमधला खटला मला सगळ्यात बोलका वाटतो. बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेच्या मुख्याध्यापकांनी शीख मुलाला प्रवेश द्यायला अट घातली: पगडी काढ आणि केस काप. नकळत का होईना, त्यांनी दोन्ही गोष्टी एका दमात म्हटल्या, आणि त्या एकच आहेत. १९८३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं निकाल मुलाच्या बाजूनं दिला. त्याआधी वुल्वरहॅम्प्टनमध्ये बसचालकांच्या दस्तारीवरून दोन वर्षं झगडा चालला होता, तो १९६९ मध्ये मिटला.

आता हेल्मेट. "धर्म डोक्यापेक्षा मोठा का?" हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्यानं कायदा वाचलेला नसतो. ब्रिटनच्या १९७६ च्या कायद्यात मोटारसायकलवर हेल्मेटची सूट शिखाला "दस्तार बांधलेली असताना" आहे. भारताच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही तसंच: शीख, आणि पगडी बांधलेला. नुसतं आडनाव सिंग असून डोक्यावर काही नसेल तर हेल्मेट घालावंच लागतं. कायद्याला जे कळलं ते आपल्याला कळायला हरकत नाही. जुड्यावर बांधलेल्या दस्तारीवर हेल्मेट बसत नाही, आणि हेल्मेट बसवायला दस्तार सोडणं शक्य नाही. ब्रिटननं १९८९ मध्ये ही सूट बांधकामाच्या जागी दिली आणि २०१५ मध्ये जवळपास सगळ्या कामाच्या ठिकाणी वाढवली. आमच्या ओंटारिओत मोटारसायकलची सूट यायला २०१८ उजाडलं. हेल्मेटविना धोका असतोच, तो धोका ते जाणून घेतात. वाद घालायचा तर यावर घाला, पण "टोपी काढून हेल्मेट घालायला काय जातं" इथून सुरुवात करू नका.

बांधणं आणि घालणं यातला फरक तर आपली भाषाच सांगते. टोपी घालतात, फेटा बांधतात. पंजाबीतही पग्ग बांधतात. हल्ली तयार फेट्यांमुळे आपणही "फेटा घाला" म्हणायला लागलो, आणि मला तो शब्द खटकतो. २०१९ मध्ये गुची कंपनीची निळी, शिवून तयार केलेली पगडी अमेरिकेतल्या दुकानात ७९० डॉलरला विकायला ठेवली होती. शिखांनी आक्षेप घेतला तो किमतीला नव्हे. डोक्यावर चढवायची आणि उतरवायची वस्तू म्हणून ती दुकानात आली, त्याला. पूणी नाही, लड नाही, खाली केस नाहीत. आपले तयार फेटे मिरवणुकीपुरते चालून जातात, कारण फेट्याचं काम तेवढंच आहे. दस्तारीचं काम तयार वस्तूनं भागत नाही.

कृपाणीबद्दल दोन ओळी, कारण तिथेही तोच प्रकार. ती खंजीर म्हणून कमरेला लटकवलेली नसते, अमृत छकलेला, म्हणजे खालसाची दीक्षा घेतलेला माणूस ती गातऱ्यात, म्हणजे खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्यात, अंगाशी बाळगतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये शाळेतल्या मुलाला ती ठेवू दिली, म्यानात घालून, कापडात शिवून. कड्याला मात्र सहसा कोणी अडवत नाही, कारण ते बांगडीसारखं दिसतं. ओळखीचं दिसलं की लोक गप्प बसतात.

विमानतळावर काय करायचं, हे मला शेजारच्या मुलानं शिकवलं. अधिकाऱ्यानं तपासायचंच म्हटलं तर दस्तार स्वतःच्या हातांनी चाचपून हात यंत्रात तपासायला देता येतात. त्यावरही सोडायला सांगितलं तर बंद खोली मागायची, आरसा मागायचा आणि कापड ठेवायला स्वच्छ जागा. बुटांचा ट्रे नाही. नवदीप बेन्स हे कॅनडाचे मंत्री असताना २०१७ मध्ये डेट्रॉइटच्या विमानतळावर त्यांना पगडी काढायला सांगितलं गेलं होतं. राजनैतिक पासपोर्ट दिसल्यावर सोडलं आणि पुढे अमेरिकेनं दिलगिरी व्यक्त केली. शेजारच्या मुलाकडे तसला पासपोर्ट नाही. तो दोन तास आधी निघतो.

आता परत त्या गणेशोत्सवाकडे. सरदारजींनी फेटा कपाळाला लावला तोच स्वीकार होता. मान घेतला, फक्त डोक्यावर जागा नव्हती, ती आधीच भरलेली होती. मी त्या कार्यकर्त्याला हे सगळं तिथेच सांगितलं, मांडवामागे, भांडी आवरता आवरता. पुढच्या वर्षी त्यानं आपणहून तयार फेटा बाजूला ठेवला आणि सरदारजींसाठी न शिवलेलं, नुसतं घडी केलेलं सुती भगवं कापड तबकात घालून दिलं.

विसर्जनाच्या दिवशी सरदारजी आले तेव्हा तेच कापड त्यांच्या डोक्यावर होतं. रीतसर पूणी करून, लडीवर लड बसवून बांधलेलं. "थोडं लांब होतं," ते म्हणाले, "दीड मीटर कापलं. त्यातून नातवाला पटका झाला."