चाळिशीनंतर माउंटन बाइक: सायकल घेण्याआधी आणि घेतल्यावर

आमच्या दुकानात माउंटन बाइक बघायला कॉलेजची पोरं येतातच, पण हल्ली चाळिशी-पन्नाशीतली मंडळीही बरीच येतात. कुणाची साखर बॉर्डरवर आलेली असते, कुणाचा गुडघा पळून पळून कुरकुरायला लागलेला असतो, तर कुणी दहावीनंतर सायकलला हात लावलेला नसतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती गिअरची आहे?" आमचं उत्तरही ठरलेलं आहे. गिअरचं नंतर बघू, आधी सीटची उंची बघू.

हे पत्रक पुण्यातल्या आणि आसपासच्या टेकड्यांवर नव्याने सायकल घालू पाहणाऱ्यांसाठी आहे.

दम लवकर वाढतो, सांधे मागे राहतात

नवख्या माणसाचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. नियमित चालवायला लागलात की काही आठवड्यांतच धाप कमी लागते, चढ सोपा वाटतो, हुरूप येतो. पण स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे तेवढ्या वेगाने तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुणाच्या तरी नादाने सिंहगडाचा घाट होतो आणि पुढचे काही आठवडे गुडघ्याला बर्फ लावण्यात जातात. फुप्फुसं हो म्हणाली तरी गुडघ्याला विचारा.

वेग किती ठेवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. २२० वजा वय हे नाडीचं सूत्र ढोबळ आहे. त्यातून बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी मुळातच कमी धावते, घड्याळावरचा आकडा फसवतो. बोलण्याची कसोटी फसवत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. दोन सकाळी पाऊण तास आणि रविवारी एक मोठी फेरी, एवढ्यात ते बसतं. सायकलने हाडांवर फारसा भार पडत नाही, त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस बैठका आणि थोडं वजन उचलणं सोडू नका.

छातीत दुखणं, बीपी, मधुमेह यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांची साखर फेरीत एकदम खाली येऊ शकते. खिशात ग्लुकोज ठेवाच.

सायकल कोणती

पुढे सस्पेन्शन असलेली, मागे नसलेली, डिस्क ब्रेकची साधी हार्डटेल. बस. स्वस्तातली दोन्हीकडे सस्पेन्शनवाली सायकल दिसायला भारी असते, पण वजनाने जड, आणि चढावर तुमची काही ताकद मागच्या स्प्रिंगमध्ये वाया जाते. आम्ही ती ठेवत नाही. एकवीस गिअरपेक्षा एक खरोखर हलका गिअर महत्त्वाचा: सगळ्यात हलक्या गिअरवर तीव्र चढ बसून चढता आला पाहिजे.

सीट, हँडल आणि चष्मा

सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या, टाच पेडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर न कलता. चालवताना पंजा पेडलवर येतो तेव्हा गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. "पाय जमिनीला टेकले पाहिजेत" या हट्टापायी सीट खाली ठेवणारे बरेच भेटतात. त्यांना आम्ही उतरून थांबायला शिकवतो, सीट खाली करून देत नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर हातांवर भार जास्त पडतोय. हँडल थोडं वर घेऊन मिळतं. सीटवर जेलचं मऊ कव्हर मात्र घालू नका. त्यात माणूस रुततो आणि नको तिथे दाब येतो. त्यापेक्षा पॅडची सायकलिंग चड्डी घ्या, आणि हे सांगायला कुणी धजत नाही म्हणून आम्हीच सांगतो: तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं.

प्रोग्रेसिव्ह किंवा दुहेरी चष्मा असेल तर चाकापुढची जमीन खालच्या, वाचायच्या भागातून दिसते, म्हणजे पुसट. टेकडीवर फक्त लांबचा नंबर असलेला चष्मा वापरा.

हवा आणि काटे

कोपऱ्यावर हवा भरून घेतली की टायर टणक होतो आणि मुरमावर सायकल नाचायला लागते. सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला, सव्वादोन इंचांच्या आसपासच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयपासून सुरुवात करा, मग अंदाजाने थोडं वरखाली. बाभळीच्या काट्यांवर मात्र हवेचा इलाज नाही, ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घालून घ्या.

कुठे जायचं

पहिला महिना मातीचा सपाट रस्ता. मग वेताळ टेकडी. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने डांबरीने वर पोचता येतं, म्हणजे चढाची सवयही होते. तळजाई आणि बाणेर-पाषाणची टेकडी त्यानंतर. वनखात्याच्या पाट्या वाचा, बंद असलेल्या वाटेवर जाऊ नका आणि चालणाऱ्याला आधी वाट द्या. पहाटेचे आजी-आजोबा घंटी ऐकून दचकतात. लांबूनच "नमस्कार, डावीकडून येतोय" म्हटलेलं बरं. पावसाळ्यात मुरमाच्या वाटा लवकर निथळतात, काळ्या मातीत मात्र चाक फोर्कमध्ये अडकून बसतं.

उतारावर सीट दोन-तीन इंच खाली घ्या, पेडल आडवे ठेवून उभे राहा, वजन मागे. नजर चाकावर नको, पाच-सहा मीटर पुढे हवी. ब्रेक दोन्ही हातांनी, एकेका बोटाने, हळूहळू. नुसता मागचा दाबला की मुरमावर चाक घसरतं. पुढचा झटक्याने दाबला तर तुम्ही हँडलवरून पुढे. उतरून सायकल हातात धरण्यात कमीपणा नाही. हेल्मेटशिवाय आम्ही चाचणी फेरीही देत नाही.

तासाभराहून लांब फेरी असेल तर पाण्यात लिंबू, मीठ आणि थोडी साखर, आणि खिशात चिक्की किंवा खजूर. वजन उतरवायला निघालेल्यांना एक सांगणं: तासाभरात जाळलेलं सगळं मिसळीच्या एका प्लेटमध्ये वर दोन पावांसकट परत येतं. मिसळ सोडा असं आम्ही म्हणत नाही, आम्हीही खातो. फक्त वजनकाट्याऐवजी पट्ट्याची भोकं मोजा, फरक तिथे आधी दिसतो.

दुकानाकडून

नव्या सायकलचे स्पोक आणि केबल सुरुवातीला सैल पडतात. महिन्याभराने एकदा आणा, ते काम आम्ही मोफत करतो. दर चिखलानंतर चेन कोरडी पुसून दोन थेंब तेल टाका. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका. घरी जुनी सायकल पडून असेल तर नवी घेण्याआधी ती दाखवा, कित्येकदा टायर, ब्रेक पॅड आणि चेन बदलून काम भागतं. फिटिंगला येताना सायकलवर घालणार तेच बूट घालून या, आणि जमल्यास कामाच्या दिवशी दुपारी. रविवारी सकाळी दुकान बंद असतं, आम्ही टेकडीवर असतो.