घसरत्या गाडीचा दिवा: ईएससी आपल्या गाडीत कशी आली?

जुलैमध्ये आंबा घाट उतरत होतो. एका वळणावर डोंगरातून वाहून आलेली तांबडी माती रस्ताभर पसरली होती. तिथे डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा दोन-तीनदा लुकलुकला. गाडीचं छोटंसं चित्र आणि तिच्यामागे नागमोडी दोन रेघा, असा तो दिवा. पुढच्या बाजूने कुरकुर आवाज आला, गाडी क्षणभर कुणीतरी हाताला धरून ओढल्यासारखी आत वळली आणि वळण संपलं. शेजारी बसलेले मामा म्हणाले, "काय बिघडलं रे?"

बिघडलं काहीच नव्हतं. गाडी घसरायला लागली होती आणि गाडीनेच ते सावरलं होतं. या यंत्रणेचं सर्वसाधारण नाव इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी. कंपनीगणिक नाव बदलतं. कुणी ईएसपी म्हणतं, टोयोटा व्हीएससी म्हणते, बीएमडब्ल्यू डीएससी. काम एकच. पण घाटात चाललेल्या साध्या गाडीत हे काम पोचायला पाव शतकाहून जास्त काळ गेला, आणि त्या काळाची गोष्ट तंत्रज्ञानापेक्षा फजितीची जास्त आहे.

सुरुवात ब्रेकपासून करावी लागते. जुने ड्रायव्हर शिकवायचे, "ओल्यात ब्रेक दाबून धरू नको, पंप कर." त्यामागे पक्कं कारण होतं. चाक फिरायचं थांबलं आणि नुसतं फरफटायला लागलं की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर जाते. वळवण्यासाठी चाक फिरतं असावं लागतं. विमानांच्या चाकांसाठी यावरचा उपाय 1950 च्या दशकातच वापरात होता. मोटारीसाठी बॉश (सुटे भाग बनवणारी जर्मन कंपनी) आणि मर्सिडीज-बेंझ यांनी इलेक्ट्रॉनिक एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, 1978 मध्ये एस-क्लास गाडीवर आणलं, तेही जादा पैसे मोजणाऱ्याला. प्रत्येक चाकाचा वेग मोजायचा आणि एखादं चाक अडकतंय असं दिसलं की त्याचा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडायचा-धरायचा. ड्रायव्हरचा पाय जे पंपिंग करायचा ते आता झडपा करू लागल्या, आणि पायापेक्षा कितीतरी पटींनी वेगात. (एबीएस असलेल्या गाडीत आजही ब्रेक पंप करणारी मंडळी भेटतात. त्यांनी ती सवय सोडावी. पेडल जोरात दाबून धरायचं आणि पायाखाली ते थरथरलं तर घाबरायचं नाही.)

एबीएस ब्रेक लावल्यावरच जागं होतं. वळणात ब्रेक न लावताही गाडी सुटते, आणि सुटते ती दोन तऱ्हांनी. एक तर पुढची चाकं पकड सोडतात आणि वळण बाजूला ठेवून गाडी सरळ निघते. नाहीतर मागची चाकं पकड सोडतात, गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. दुसरा प्रकार अनुभवलेला माणूस तो विसरत नाही.

फेब्रुवारी 1989 मध्ये उत्तर स्वीडनमध्ये मर्सिडीजचा फ्रांक-वेर्नर मोन नावाचा तरुण इंजिनिअर हिवाळी चाचणीसाठी गाडी चालवत होता. बर्फावरून गाडी सुटली आणि खड्ड्यात गेली. ओढायला गाडी येईपर्यंत बसून राहण्याखेरीज काम नव्हतं. तेव्हा त्याच्या मनात आलं, की एबीएसला चाकांचे वेग कळतात, मग गाडी स्वतःभोवती किती फिरतेय हेही कळलं तर? तसं मोजणारं उपकरण म्हणजे जायरोस्कोप. तो त्याने चक्क एका खेळण्यातल्या हेलिकॉप्टरमधून मिळवला. कल्पना चालते एवढं त्यातून दिसलं, पण खेळण्यातला जायरो फार मंद होता. पुढच्या प्रयोगांत स्कड क्षेपणास्त्रातला जायरो वापरला, असंही सांगितलं जातं.

बॉशमध्ये याच प्रश्नामागे आंतोन फान झांटेन नावाचा डच इंजिनिअर लागलेला होता. तो 1977 पासून तिथे होता आणि ईएसपी उभी करणाऱ्या गटाचा प्रमुख झाला. 2016 मध्ये त्याला जीवनगौरव म्हणून युरोपीय संशोधक पुरस्कार मिळाला. खड्ड्यातला किस्सा रंगतदार खरा, पण खड्ड्यात सुचलेलं आणि लाखो गाड्यांत न चुकता चालणारं यांच्यामधली वर्षं फान झांटेनसारख्यांची असतात. माझ्या मते मोठं श्रेय तिथे जातं.

यंत्रणेचं डोकं असं चालतं. स्टिअरिंग किती फिरवलं आहे यावरून ड्रायव्हरला कुठे जायचंय हे तिला कळतं. गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय आणि बाजूला किती जोर बसतोय, यावरून ती खरोखर कुठे चालली आहे हे कळतं. दोन्ही उत्तरं जुळतात का, हे बॉशच्या यंत्रणेत सेकंदाला 25 वेळा तपासलं जातं. जुळत नसतील तर एकाच चाकाला ब्रेक लागतो. गाडी सरळ सुटत असेल तर वळणाच्या आतल्या बाजूचं मागचं चाक धरायचं, म्हणजे गाडी त्या चाकाभोवती आत ओढली जाते. शेपूट बाहेर जात असेल तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरायचं. जोडीला इंजिनाचा जोर कमी करायचा. माणसाच्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच. चारांतलं एक चाक निवडून धरणं कितीही मुरलेल्या ड्रायव्हरला जमणार नाही. आंबा घाटात ऐकू आलेली कुरकुर याचीच: ब्रेक तेलाचा छोटा पंप आणि झडपा.

1995 मध्ये ही यंत्रणा विक्रीला आली ती मर्सिडीजच्या एस 600 कूपेवर. बारा सिलिंडरचं इंजिन, दोन दारं आणि बड्या असामीलाच परवडेल अशी किंमत. जपानमध्ये टोयोटानेही त्याच वर्षी आपल्या क्राउन मॅजेस्टावर स्वतःची यंत्रणा आणली. तेव्हाची समजूत होती की हे महागड्या, ताकदवान गाड्यांचं लेणं. कोपऱ्यावर भाजी आणायला जाणाऱ्या छोट्या गाडीला ते कशाला?

ती समजूत मोडली 21 ऑक्टोबर 1997 रोजी, आणि मोडणारा होता पत्रकार. स्वीडनच्या रस्त्यांवर मूस नावाचं प्रचंड हरीण अचानक आडवं येतं. उंच पायांवरचं ते धूड थेट काचेवर येतं, म्हणून तिथले ड्रायव्हर झटकन बाजूच्या लेनमध्ये जातात आणि समोरून कुणी यायच्या आत तितक्याच झटकन परततात. तेक्निकेन्स व्हेर्ल्ड हे नियतकालिक नव्या गाड्यांकडून नेमकं हेच करून घेई. रॉबर्ट कोलिनने मर्सिडीजची नवी कोरी ए-क्लास त्या चाचणीला घातली आणि ताशी साधारण 60 किलोमीटर वेगात ती उलटली. ए-क्लास ही कंपनीची पहिलीच छोटी, उंच बांध्याची गाडी. सुरक्षिततेवर नाव कमावलेल्या कंपनीची गाडी कॅमेऱ्यासमोर आडवी झाली. त्यावर कडी म्हणजे एका जर्मन वृत्तपत्राने पूर्व जर्मनीची खटारा म्हणून हिणवली जाणारी ट्राबांट त्याच चाचणीतून सुखरूप पार पडते, हे करून दाखवलं.

कंपनीने आधी हात झटकून पाहिले. मग विक्री सुमारे तीन महिने थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी कुठलेही जादा पैसे न घेता बसवली. सगळा खर्च सुमारे 30 कोटी मार्कांवर (जर्मनीचं तेव्हाचं चलन) गेला. जे बड्या कूपेचं लेणं होतं ते अशा रीतीने दोन-अडीच वर्षांत घरगुती गाडीत येऊन बसलं. ए-क्लासला दिलं म्हटल्यावर इतर छोट्या गाड्यांचे मालक विचारायला लागले, आमच्यात का नाही? याच सुमारास बॉशने फिरकी मोजणारा सेन्सर सिलिकॉनच्या बारीक तुकड्यावर कोरून काढला, त्यामुळे किंमत उतरायला लागली. मला वाटतं, नुसता सेन्सर स्वस्त झाला असता तर एवढं घडलं नसतं. आधी चव्हाट्यावर नाचक्की झाली, मग स्वस्ताईला गिऱ्हाईक मिळालं. पुढे ऑडी टीटीचंही तेच झालं. भरधाव वेगातल्या अपघातांनंतर त्या गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर आणि आत ईएसपी बसवावी लागली.

अमेरिकेत वेगळं दुखणं होतं. तिथे उंच एसयूव्हींचं पेव फुटलं आणि त्या उलटू लागल्या. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरची साल सुटून गाड्या उलटत असल्याचं प्रकरण 2000 मध्ये फुटलं. सरकारी नोंदीप्रमाणे त्या टायरांशी 271 मृत्यू जोडले गेले. 2006 मध्ये विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या कुणाशी टक्कर न होता एकट्या गाडीला होणाऱ्या प्राणघातक अपघातांचा धोका ईएससीमुळे 56 टक्क्यांनी घटतो, असं त्यात दिसलं. एवढा फरक सीटबेल्टनंतर क्वचितच कशाने पाडला असेल. एप्रिल 2007 मध्ये तिथे नियम झाला आणि सप्टेंबर 2011 पर्यंत सगळ्या नव्या हलक्या गाड्यांत ईएससी सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर 2014 पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती आली.

अमेरिकी नियमातली चाचणी बघण्यासारखी आहे. ताशी 80 किलोमीटरवर स्टिअरिंग फिरवायला माणूस नाही, यंत्र असतं. एकीकडे फिरवायचं, मग उलटीकडे, तिथे अर्धा सेकंद धरून ठेवायचं आणि परत सरळ. मूस आला की घाबरलेला माणूस जे करेल तेच, फक्त दर वेळी तंतोतंत सारखं.

भारतात ईएससीचं मानक एआयएस-133. ही मानकं छापते ती पुण्यातली, वेताळ टेकडीवरची वाहन संशोधन संस्था एआरएआय. म्हणजे कागद आपल्या दारातच तयार होता. गाड्यांत मात्र क्रम ठरलेला: आधी एबीएस आणि एअरबॅग, मग बाकीचं. एबीएस सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं एप्रिल 2019 पासून, एस-क्लासनंतर चाळीस वर्षांनी. ईएससीबद्दल शोरूममध्ये ठरलेलं उत्तर मिळायचं, "सर, ते टॉप मॉडेलला येतं." सनरूफ, मोठा टचस्क्रीन आणि ईएससी एका पाकिटात. बेस मॉडेल घेणारा जणू घाटात जातच नाही, पाऊस फक्त टॉप मॉडेलवर पडतो.

इथे चित्र हललं ते ताऱ्यांमुळे. गाड्या आदळवून त्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2022 मध्ये निकष कडक करून ईएससीचा समावेश केला. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप सुरू झालं आणि त्यातही वरचे तारे ईएससीशिवाय मिळत नाहीत. सेफ्टी रेटिंग जाहिरातीत झळकू लागल्यावर कंपन्यांना हिशेब पटला. 2024 मध्ये ऑल्टो के10 सारख्या सगळ्यांत स्वस्त गाड्यांतल्या एका गाडीच्या सगळ्या मॉडेलांत ईएसपी आली. एस 600 कूपे ते ऑल्टो, 29 वर्षं.

आता या यंत्रणेला न जमणारी गोष्ट. ती पकड निर्माण करत नाही, आहे ती पकड नीट वाटून वापरते. सपाट रस्त्यावर 50 मीटर त्रिज्येचं वळण धरा. कोरड्या डांबरावर बऱ्या टायरची गाडी ते ताशी 70 च्या आसपास जेमतेम घेईल. पावसाने पकड निम्मी झाली तर मर्यादा 50 वर येते. तिथे 70 ने घुसलात तर दिवा लुकलुकेल, चारही चाकांवर सगळे प्रयोग होतील आणि गाडी सरळ, डौलात, कठड्यावर जाईल. टायर गोटा झाला असेल आणि रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर चाक पाण्यावर तरंगतं. तिथे ईएससीच्या हातात धरायलाच काही उरत नाही. दिवा वारंवार लागत असेल तर शाबासकी गाडीला द्यावी, आणि पाय आपला उचलावा.

दुसरी गोष्ट आकड्यांची. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली आणि त्यांत सर्वाधिक दुचाकीवरची होती. मोटारीतली ईएससी त्यांच्या कामाची नाही. दुचाकीसाठी झुकलेल्या अवस्थेतही चालणारं एबीएस निघालं आहे. चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 अॅडव्हेंचरवर ते 2020 पासून मिळतं. साध्या शंभर सीसीच्या गाडीवर ते यायला कुणाची फजिती व्हावी लागेल, माहीत नाही.

त्या दिवशी साखरप्याला मामांच्या अंगणात गाडी चिखलात रुतली. चाकं फिरायला लागली की ईएससीच्या जोडीचं ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर काढून घेई आणि गाडी जागची हलेना. अशा वेळेसाठीच ईएससी ऑफचं बटण असतं. दाबून धरलं, चाकं मोकळी फिरली, चिखल मामांच्या धोतरावर गेला आणि गाडी बाहेर आली. दुसऱ्या दिवशी निघताना बटण परत दाबायचं साफ विसरलो. पण नियम करणाऱ्यांनी हा विसराळूपणा धरलेलाच होता. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की यंत्रणा आपसूक चालू व्हायला हवी, असं अमेरिकी नियमात लिहिलेलं आहे आणि बहुतेक गाड्या तसंच वागतात. किल्ली फिरवली, पिवळा दिवा क्षणभर लागला आणि विझला. मामा खिडकीतून वाकून बघत होते. म्हणाले, "गेला ना तो? मग ठीक. सावकाश जा."