हीटर शेवटी निवडा

जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात, क्रानिशश्टाइन नावाच्या वस्तीत, एका रांगेत चार घरं उभी आहेत. १९९१ मध्ये लोक तिथे राहायला आले. बाहेरून बघाल तर विशेष काही वाटणार नाही. पण भिंतींवर सुमारे २७ सेंटिमीटर जाडीचा थर्माकोल आहे, छपरात त्याहून जाड खनिज लोकर आणि खिडक्यांना तीन-तीन काचा. वोल्फगांग फाइस्ट हे भौतिकशास्त्रज्ञ यातल्याच एका घरात कुटुंबासह राहिले आणि वर्षानुवर्षं मोजमाप करत राहिले. आकडा निघाला तो असा: घर उबदार ठेवायला वर्षाला दर चौरस मीटरमागे साधारण १० युनिट उष्णता. एक लिटर तेल जाळल्यावर मिळते तेवढी. जुन्या जर्मन घरांना त्याच एका चौरस मीटरसाठी १५-२० लिटर सहज लागत.

थंड देशात स्वतःचं घर बांधायला निघालेली मराठी कुटुंबं आता कमी नाहीत, आणि त्यांचा पहिला प्रश्न हमखास हीटिंगचा असतो. गॅस बॉयलर की हीट पंप? रेडिएटर की फरशीखालचे पाइप? प्रश्न रास्त आहे, फक्त लवकर विचारलेला आहे. घरातून उष्णता किती आणि कुठून निसटणार हे ठरल्याशिवाय ती किती पुरवायची हे ठरवता येत नाही. आणि निसटणं ठरतं ते नकाशावर, बॉयलर विकत घेण्याच्या कितीतरी आधी.

हिशेब शाळकरी आहे. भिंतीचं क्षेत्रफळ, आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक आणि भिंतीचं ‘यू-मूल्य’ यांचा गुणाकार केला की निसटणारी उष्णता वॅटमध्ये मिळते. यू-मूल्य म्हणजे एका अंशाच्या फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट पळतात ते. आपल्या ओळखीची ९ इंची विटांची भिंत घ्या. तिचं यू-मूल्य साधारण २ भरतं. आत २० अंश, बाहेर शून्य असेल तर अशा १० चौरस मीटर भिंतीतून ४०० वॅट अखंड बाहेर जातात. तिच्यावर बाहेरून १० सेंटिमीटर थर्माकोल चिकटवा, हेच ४०० वॅट ६० वर येतात.

मोह असा होतो की मग अजून १० सेंटिमीटर लावू. लावा, पण त्याने ६० चे ३२ होतात, म्हणजे वाचले २८ वॅट. पहिल्या थराने ३४० वाचवले होते. मग डार्मस्टाटच्या मंडळींनी २७ सेंटिमीटरचा अट्टहास का केला? कारण त्यांना एका उंबरठ्याच्या खाली उतरायचं होतं. गळती इतकी कमी झाली की कडक थंडीतही दर चौरस मीटरला १० वॅट पुरतात, तर खोलीत येणारी ताजी हवा थोडी गरम करून सोडली तरी भागतं. २० चौरस मीटरच्या खोलीला २०० वॅट लागतात, आणि गप्पा मारत बसलेली दोन माणसंच जवळपास तेवढी उष्णता सोडत असतात. यातूनच पुढे ‘पॅसिव्ह हाउस’चा निकष घडला: वर्षाला चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १५ युनिट. त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, कॅनडातल्या रेजायना शहरात साधारण याच विचाराने एक घर बांधलं गेलं होतं. तिथला हिवाळा उणे ३० चा, आणि घराला नेहमीची भट्टी नव्हती.

प्रत्येकाने इतकं टोक गाठावं असं माझं म्हणणं नाही. पण पैसे कुठे आधी घालायचे याचा क्रम या आकड्यांतून दिसतो.

पहिला निर्णय फुकट असतो, तो म्हणजे घराचा आकार. २०० चौरस मीटरचं बैठं घर, २० बाय १० आणि ३ मीटर उंच, बाहेरच्या हवेला आणि जमिनीला ५८० चौरस मीटर अंग दाखवतं. तेवढंच क्षेत्र १० बाय १० च्या दुमजली घरात बसवलं तर हे अंग ४४० चौरस मीटरवर येतं. म्हणजे बैठ्या घराला थंडी झोंबायला जवळजवळ तिसरा हिस्सा जास्त जागा. नकाशातला प्रत्येक कोनाडा, प्रत्येक बाहेर काढलेली खोली यात भरच घालते. बाल्कनीचं तर विचारू नका. आपल्या सवयीप्रमाणे आतला स्लॅबच सरळ बाहेर काढून बाल्कनी केली, तर ती मोटारसायकलच्या इंजिनावरच्या पात्यांसारखी काम करते: घराची उष्णता घेऊन बाहेर फेकत राहते. इंजिनाला ते हवंच असतं, दिवाणखान्याला नको. एकतर बाल्कनी स्वतंत्र खांबांवर उभी करावी, नाहीतर स्लॅबच्या सांध्यात उष्णता अडवणारा तयार तुकडा बसवून घ्यावा. हे काँक्रीट ओतण्याआधीच व्हावं लागतं.

थंड भिंतीचा आणखी एक खर्च बिलात थेट दिसत नाही. आपल्या अंगाला नुसती हवा जाणवत नाही, समोरची भिंतही जाणवते. बाहेर शून्य अंश असताना त्या उघड्या ९ इंची भिंतीचा आतला पृष्ठभाग १५ अंशांच्या आसपास असतो, एकेरी काचेचा तर जेमतेम ५. हवा २० अंशांवर असूनही माणूस कुडकुडतो आणि थर्मोस्टॅट २३ वर नेतो. थर्माकोल लावलेल्या भिंतीचा पृष्ठभाग १९ अंशांवर राहतो, आणि २० अंशांतही बरं वाटतं.

याच गणितात बुरशीचं मूळ आहे. २० अंशांच्या हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर ९ अंशांच्या पृष्ठभागावर तिचं पाणी होतं. बुरशीला तर एवढंही लागत नाही. साडेबारा अंशांच्या खालचा कोपरा तिला पुरतो. चार माणसांच्या घरात श्वास, आंघोळ, कुकरच्या शिट्ट्या, घरातच वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाला १० लिटरच्या घरात पाणी वाफ होऊन हवेत जातं. कपाटामागची बाहेरची भिंत काळी पडते ती यामुळे, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो.

म्हणून घर हवाबंद करायचं आणि श्वासही घेऊ द्यायचा, ही दोन्ही कामं एकदमच ठरवावी लागतात. फटींतून येणारा वारा म्हणजे वायुवीजन नव्हे. तो वादळात नको इतका येतो आणि शांत, दमट दिवशी येतच नाही. चांगल्या घरात उष्णता परत मिळवणारं वायुवीजन यंत्र बसवतात. बाहेर जाणारी शिळी हवा आत येणाऱ्या गार हवेला पातळ पडद्याआडून आपली ऊब देऊन जाते, आणि ७५ टक्क्यांहून जास्त उष्णता घरातच राहते. यंत्र परवडत नसेल तर जर्मन घरमालकांची शिस्त पाळावी: दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि पुन्हा घट्ट लावायच्या. खिडकी दिवसभर किलकिली ठेवणं सगळ्यात वाईट, कारण तिच्याभोवतीची भिंत गार पडत जाते.

इथे आपल्या स्वयंपाकघराचा प्रश्न वेगळा आहे. फोडणीचा धूर हवा गाळून पुन्हा घरातच सोडणाऱ्या चिमणीने पुरता जात नाही, आणि वाफ तर अजिबात जात नाही. धूर बाहेर फेकणारी चिमणी लावली तर तेवढीच गार हवा आत यायला वाट द्यावी लागते. आणि त्याच घरात लाकडाची शेगडी असेल तर सावध. हवाबंद घरात जोरदार चिमणी शेगडीचा धूर उलटा खोलीत ओढू शकते, त्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही. शेगडीला बाहेरून स्वतंत्र हवा हवी आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. यात काटकसर करू नये.

आता सूर्य. डार्मस्टाटच्या परिसरात डिसेंबरमध्ये दिवसाला सरासरी दोन तासही ऊन पडत नाही, म्हणून तिथे भर इन्सुलेशनवर. लडाखमध्ये चित्र उलटं. लेह ३५०० मीटर उंचीवर, जानेवारीच्या रात्री उणे १५ पर्यंत जाणाऱ्या, पण आकाश निरभ्र आणि ऊन सणसणीत. लेहजवळच्या फे गावात सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ‘सेकमॉल’ संस्थेच्या मातीच्या इमारती याच उन्हावर जगतात. दक्षिणेला मोठ्या खिडक्या, थंडीत त्या बाजूला प्लॅस्टिकचं हरितगृह, उन्हाळ्यात ते काढून ठेवायचं. जाड मातीच्या भिंती दिवसा तापतात आणि रात्री ऊब सोडतात. लडाखमध्ये ‘ट्रोंब भिंत’ही वापरात आहे: दक्षिणेची काळी रंगवलेली भिंत, तिच्यासमोर थोडं अंतर सोडून काच. दुपारचं ऊन जाड भिंतीतून आत झिरपायला आठ-दहा तास घेतं आणि नेमकं रात्री पोहोचतं. फेलिक्स ट्रोंब आणि वास्तुविशारद जाक मिशेल यांनी १९६७ मध्ये फ्रान्समधल्या ओदेयो इथे तिचा वापर केला. तिचं मूळ पेटंट मात्र १८८१ चं, अमेरिकेतल्या एडवर्ड मोर्स यांचं. हीच भिंत ढगाळ जर्मनीत बांधली तर बरेच दिवस नुसती उष्णता बाहेर घालवत बसेल.

दक्षिणमुखी घर म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात. दरवाजा हवा त्या दिशेला करा, पण थंड प्रदेशात मोठी काच दक्षिणेलाच ठेवा. कारण दक्षिणेच्या उन्हावर छज्जाने ताबा ठेवता येतो. लेहला दुपारचा सूर्य डिसेंबरमध्ये ३२ अंशांवर असतो, जूनमध्ये ७९ वर. ६० सेंटिमीटरचा छज्जा जूनमध्ये खिडकीवर ३ मीटर लांब सावली टाकतो आणि डिसेंबरमध्ये फक्त ३७ सेंटिमीटर. पूर्व-पश्चिमेचं तिरपं ऊन मात्र छज्जाला जुमानत नाही. तिथे खिडक्या लहान ठेवाव्यात किंवा बाहेरच्या बाजूने शटर लावावं. आतला पडदा उपयोगाचा नाही, तोवर ऊन घरात शिरलेलं असतं.

एवढं झालं की हीटरची निवड बरीचशी आपोआप होते. हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला फ्रिज: बाहेरच्या गार हवेतली उष्णता उपसून आत आणतो. त्याला किती चढ चढावा लागतो यावर विजेचं बिल ठरतं. बाहेर शून्य अंश असताना ३५ अंशांचं पाणी पुरत असेल तर एका युनिट विजेत साधारण ४ युनिट उष्णता मिळते. ५५ अंशांचं लागत असेल तर ३ मिळणंही कठीण. फरशीखालच्या पाइपांचं क्षेत्र मोठं, म्हणून त्यांना ३५ अंश चालतात. त्यांवर टाइल उत्तम. जाड गालिचे अंथरले तर पाणी जास्त तापवावं लागतं. अशी फरशी तापायला आणि निवायला कित्येक तास घेते, त्यामुळे ऑफिसला जाताना बंद आणि आल्यावर चालू, ही सवय सोडावी लागते. पंप ‘थोडा मोठाच घेऊ’ हेही टाळा. गरजेपेक्षा मोठा पंप सारखा बंद-चालू होत राहतो, वीज जास्त खातो आणि लवकर झिजतो. विक्रेत्याकडे खोलीनिहाय उष्णतेच्या गळतीचा लेखी हिशेब मागा. घराच्या चौरस मीटरला ठोकळ आकड्याने गुणून देत असेल तर दुसरा विक्रेता बघा.

राहिली हवाबंदपणाची चाचणी. दारात पंखा बसवून घरात ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करतात आणि तासाभरात घरातली हवा किती वेळा बदलते ते मोजतात. पॅसिव्ह हाउसला ०.६ पेक्षा जास्त चालत नाही. ही चाचणी बहुतेक जण घर पूर्ण झाल्यावर, प्रमाणपत्रापुरती करतात. कंत्राटातच लिहून घ्या की ती दोनदा होईल, आणि पहिल्यांदा खिडक्या बसल्यावर पण आतली पॅनेलं लागण्याआधी. तेव्हा सापडलेली फट चिकटपट्टीने बुजते. नंतर तिच्यासाठी भिंत उकलावी लागते.