दिग्दर्शकाला पेलेल, पण पिक्चर चालेल?

महोत्सवांत गाजलेल्या दिग्दर्शकाच्या हाती हॉलिवूडचा एखादा स्टुडिओ मोठा पिक्चर देतो, तेव्हा लगेच पैजा लागतात. त्यात दोन प्रश्न हमखास एकमेकांत मिसळतात: हा डोलारा त्याला पेलेल का, आणि लोक तिकीट काढतील का?

डेनी व्हिलनव्ह यांच्याकडे पाहिलं की दोन्ही सुटे होतात. 'ब्लेड रनर २०४९' (२०१७) त्यांनी व्यवस्थित पेलला. छायाचित्रण आणि व्हिज्युअल इफेक्ट्सची ऑस्करही त्याला मिळाली. तिकीटबारीवर मात्र तो आपटला. खर्च १५ कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त, जगभरची कमाई २८ कोटींच्या आत, आणि त्यातला जवळजवळ अर्धा वाटा थिएटरवाल्यांचा. १९८२ साली स्वतःच न चाललेल्या चित्रपटाचा हा पुढचा भाग, लांबी १६३ मिनिटं, वर अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र, म्हणजे १७ वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय प्रवेश नाही. मग शाळकरी पोरं कुठून येणार? 'ड्यून' (२०२१) मध्ये दिग्दर्शक तोच, संथपणाही तोच. पण कादंबरीचा जुना वाचकवर्ग, टिमथी शॅलमे आणि झेंडाया, शिवाय मुलांनाही चालेलसं प्रमाणपत्र. अमेरिकेत त्याच दिवशी घरबसल्या बघायची सोय असूनही त्याने ४० कोटी डॉलर कमावले. दुसऱ्या भागाने तर ७० कोटी ओलांडले.

पेलण्याचा अंदाज आधी बांधता येतो. व्हिलनव्ह महोत्सवांतल्या 'इन्सेंडीज'वरून थेट 'ब्लेड रनर'वर पोचले नव्हते. मध्ये 'प्रिझनर्स', 'सिकारियो', 'अरायव्हल' अशा पायऱ्या होत्या. क्रिस्टोफर नोलन यांनीही 'मेमेंटो' आणि 'बॅटमन बिगिन्स'च्या मध्ये अल पचिनोला घेऊन 'इन्सोम्निया' केला. क्लोई झाओ यांना अशी पायरी मिळालीच नाही. ऑस्करमुळे त्यांना मार्व्हल या सुपरहिरोंचे पिक्चर काढणाऱ्या स्टुडिओचं काम मिळालं असं सर्रास बोललं जातं, ते उलटं आहे: मार्व्हलच्या 'इटर्नल्स'साठी त्यांची निवड २०१८ ची, 'नोमॅडलँड'चं ऑस्कर २०२१ चं.

आणि पेलायचं तरी नक्की काय? 'ब्लॅक विडो'साठी मार्व्हलने अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिका लुक्रेशिया मार्टेल यांनाही विचारलं होतं. मारामारीच्या दृश्यांची चिंता करू नका, ती आम्ही बघू, असं आपल्याला सांगितलं गेल्याचं त्यांनी २०१८ मध्ये एका भारतीय वृत्तपत्राला सांगितलं. त्यांना तर तीही दृश्यं स्वतःच करायची होती! तेव्हा अशा कारखान्यातला पिक्चर चालला किंवा पडला, तरी दिग्दर्शकाच्या कुवतीबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही. कॉलिन ट्रेव्हरो एका चिमुकल्या चित्रपटावरून थेट 'ज्युरासिक वर्ल्ड'वर गेले आणि त्याने १६० कोटी डॉलरच्या वर कमावले. माझ्या मते त्यातला मोठा वाटा डायनोसॉरचाच.

ग्रेटा गर्विग यांना 'बार्बी' पेलेल, हे 'लिटल विमेन'वरून सांगता आलं असतं: सुमारे ४ कोटी डॉलरमध्ये केलेला चित्रपट, जगभरात २० कोटींच्या वर कमाई. 'बार्बी' १४० कोटींच्या पुढे जाईल, हे मात्र त्यावरून कुणीच सांगू शकलं नसतं.