झेंग हेची 138 मीटरची जहाजं: खुलासा

चीनच्या मिंग राजवटीत 1405 ते 1433 दरम्यान सागरी सफरी काढणारा दर्यासारंग झेंग हे याची ‘खजिन्याची जहाजं’ 44 झांग 4 ची (झांग आणि ची ही लांबीची चिनी मापं) लांब, 18 झांग रुंद, म्हणजे अंदाजे 138 बाय 56 मीटर होती, असं सर्रास सांगतात. हा आकडा 1597 च्या एका कादंबरीत आहे, आणि 1739 मध्ये पूर्ण झालेल्या मिंग घराण्याच्या अधिकृत इतिहासातही जवळपास हाच. ही दोन्ही पुस्तकं त्या सफरींच्या बऱ्याच नंतरची.

इतक्या लांब जहाजाची खरी अडचण लाकडाची. लाट मधोमध आली की जहाजाची दोन्ही टोकं खाली लोंबतात, लाट पुढे सरकली की पोट लोंबतं. फळ्या एकमेकींवर घासतात, चुना, तेल आणि ताग ठोकून भरलेले सांधे उघडतात, पाणी शिरतं. 1909 चं ‘वायोमिंग’ हे अमेरिकी लाकडी शिडाचं जहाज डेकवर सुमारे 107 मीटर होतं. लोखंडी पट्ट्यांनी आवळूनही ते गळायचं, पंप चालवत राहावे लागत. 1924 मध्ये बुडालं. रुंदी 56 मीटर केली तर वल्हवायचं की वळवायचं, देव जाणे.

नानजिंगला 1957 मध्ये सापडलेला 11 मीटरचा सुकाणूदांडा नेहमी पुढे केला जातो. त्यावरून जहाज मोठं होतं एवढंच कळतं. लांबी काढायची तर सुकाण्याचं प्रमाण आधी गृहीत धरावं लागतं. बरेच अभ्यासक 60-70 मीटरवर थांबतात. त्या काळासाठी तेही अवाढव्यच.