ज्वारीच्या मुलखात शाळेची खिचडी

वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना विचारा, भात हे सणावाराचं नाहीतर पाहुण्यारावळ्यांचं जेवण. रोजच्या ताटात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडी किंवा तरोट्याची भाजी आणि जवसाची चटणी. धानाचा पट्टा पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत. आमच्या यवतमाळकडे तांदूळ मोजूनमापूनच शिजायचा. १९९५ नंतर मात्र तो दर महिन्याला शाळेतून घरी येऊ लागला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती महाराष्ट्रात आली. ८० टक्के हजेरी भरली की मुलामागे महिन्याला तीन किलो तांदूळ. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत आईसोबत शेतात गेल्याने माझी हजेरी कमी पडली आणि त्या महिन्याची पिशवी रिकामीच घरी आली. आई मला रागावली नाही, पण ती रिकामी पिशवी तिने किती नीट घडी करून ठेवली, ते अजून आठवतं. ज्या घरातल्या लेकराला वेचणीला जावं लागतं, त्याच घराला तांदळाची गरज जास्त असते. तरी तो आधी त्याच घराचा कापला जायचा.

तांदूळ घरच्या डब्यात गेला की तो सगळ्यांचा होतो, शाळेतल्या लेकराच्या वाट्याला त्यातला किती येणार? हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला तो राजस्थानातल्या दुष्काळामुळे. सरकारी गोदामं धान्याने भरलेली आणि माणसं उपाशी, म्हणून २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्यायचं ठरलं: किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान २०० दिवस. पुढे हे प्रमाण वाढलं. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने या ताटाला हक्काचा दर्जा दिला. २०२१ पासून योजनेचं नाव 'पीएम पोषण' आहे, गावात मात्र सगळे तिला अजून 'खिचडी'च म्हणतात.

खिचडीच का, हे समजायला सकाळी दहाला शाळेच्या स्वयंपाकखोलीत जाऊन उभं राहावं. दोन बाया, एक मोठं गंज (पातेलं) आणि ऐंशी लेकरं. एक ताई तांदूळ निवडते, दुसरी तूरडाळ धुऊन आलू आणि भेदरं (टमाटे) चिरते. हळद, तिखट, मीठ घालून सगळं एकाच भांड्यात, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. मास्तरांनी चव घेऊन वहीत नोंद केली की पंगत बसते. या ताईंचं मानधन २००९ मध्ये महिन्याला १००० रुपये ठरलं होतं, राज्याने ते वाढवत २५०० वर नेलं. एवढ्या पैशात त्यांनी ऐंशी लेकरांच्या भाकरी थापाव्यात, असं म्हणायचा मला तरी हक्क वाटत नाही.

खरं तर शाळेत अन्न शिजवणं विदर्भाला नवं नव्हतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायची गांधीजींची पद्धत, आकाराला आली. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याच्या देखरेखीखाली मुलं सूत कातत, भाजीपाला पिकवत आणि स्वयंपाकही करत. तिथे स्वयंपाकघरही वर्गच होता. किती माणसं, किती धान्य, किती खर्च, त्यातून अंगाला काय मिळणार, हे सगळं तिथेच शिकायचं. गांधीजींचा हातसडीच्या तांदळाचा आणि गावातच पिकलेल्या अन्नाचा आग्रह याच मातीतला. पुढे सरकारी शाळा वाढल्या आणि हा धागा सुटला. साठ वर्षांनी जेवण शाळेत परत आलं ते हजेरी टिकवण्यासाठी. काय खावं, का खावं, हे शिकवणं त्यात नव्हतं.

ती उणीव किती महागाची, हे मेळघाटाने दाखवलं. १९९३ मध्ये धारणी-चिखलदऱ्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरलं. तिथली कोरकू आदिवासी माणसं कुटकी, सावा ही भरडधान्यं पिकवून खात आली होती. हे धान्य मागे पडत गेलं आणि रेशनच्या गहू-तांदळाने पोट भरलं, पण जे गेलं त्याची भरपाई झाली नाही. आणि हे एकट्या मेळघाटाचं दुखणं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ५३.८ होता. हीच मुलं पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. शाळेत लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, जंतनाशक गोळी दिली जाते, तेही हवंच. पण रक्त वाढतं ते रोजच्या खाण्यातून.

२०१९ मध्ये केंद्राने शाळांतल्या परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विदर्भात उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरत नाही, तिथे बाग कशी टिकणार? पण हात धुण्याचं पाणी नाली काढून वाफ्यात सोडलं की पालक, मेथी, बरबटी (चवळी) निघते. कडेला लावलेला शेवगा फारसं पाणी मागत नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते घरापर्यंत पोचणं. आमच्याकडच्या एका चौथीतल्या मुलीने शाळेतून शेवग्याची फांदी नेऊन न्हाणीमागे रोवली. तिच्या आईला शेंगांची भाजी माहीत होती, पाल्याची नव्हती. पोरीने शाळेत खाल्लेला पाला घरी करून दाखवला.

सरकारनेही मधल्या काळात ताट बदलायचा प्रयत्न केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळं असा निर्णय झाला. २०२४ च्या पाककृतींत मोड आलेली कडधान्यं आणि नाचणीचं सत्त्वही आलं. मग जानेवारी २०२५ मध्ये अंडी आणि साखरेसाठीचा निधी थांबवून ते लोकसहभागातून करा, असं सांगण्यात आलं. ज्या गावात सोयाबीनचा भाव पडला की दुकानाची उधारी फिटत नाही, तिथे वर्गणी मागायची कुणाकडे? हा निर्णय मला पटलेला नाही. शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयांची चटकदार पुडी रोज मिळते. शाळेपासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे, पण तो पाळायला लावणारं गावात कुणी नाही. त्या पुडीसमोर अंडं हे ताटातलं सगळ्यात भक्कम उत्तर होतं.

ज्वारीचंही तसंच, तीही शाळेच्या ताटात यायला हवी. भाकरी थापणं जमत नसेल, पण कण्या तर भातासारख्याच गंजात शिजतात. आमच्याकडे अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालूनच करतात, वरून लसणाची फोडणी. मागच्या हिवाळ्यात एका घरच्यांनी लेकीच्या वाढदिवसाला शाळेत हीच भाजी दिली. ताईंना वेगळं भांडंही लागलं नाही, रोजचंच गंज, रोजचाच वेळ. पंगतीत दोन-तीन पोरांनी आंबटपणाने तोंडं वाकडी केली, बाकीच्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. एक ताई तेव्हा म्हणाली, "मास्तर, तांदळाच्या कट्ट्यासंग एक ज्वारीचा कट्टा पाठवा म्हणा वरून. शिजवाचं आमी पाहू."